पायरी गाळली

१४ जून

छोटे,

घरात फोन असताना पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. पण आईला ऐकू कमी येतं म्हणून आपला फोन कायम स्पीकरवर. मी तुला जे सांगते ते आई ऐकते, खालची शेजारीण ऐकते आणि जिन्यातून कुणी जात असेल तर तोही थांबून ऐकतो. मला आज जे बोलायचंय ते स्पीकरवर बोलण्यासारखं नाही.

शाळेचं दार बंद होऊन तीन महिने झाले. दहावीला मी स्वयंपाकघरातून गणित शिकवते. कपाटाच्या दाराला आतून काळा रंग दिलाय, तोच फळा. समोर पिठाचा डबा, त्यावर तीन शब्दकोश, त्यावर शाळेनं वर्गापुरता दिलेला फोन. फोन हलू नये म्हणून त्याला मागून लाटण्याचा टेकू. फोनमध्ये बेचाळीस काळे चौकोन, प्रत्येकावर एक नाव. चेहरा एकाचाही नाही. 'आलं का ध्यानात' असं विचारलं की बेचाळीस चौकोन गप्प. सत्तावीस वर्षं मी पोरांच्या भुवया बघून शिकवलं. कुणाची भुवई वर गेली की मी मागच्या ओळीवर यायची. आता कुणाच्या भुवया बघू?

आणि काल एक चौकोन बोलला. वर्गात एक मुलगी आहे, बारीक आणि टोकदार, तिला सगळे टाचणी म्हणतात. ती म्हणते, "बाई, हे तुमच्या बहिणीच्या धड्यात सोपं करून सांगितलंय. तो लावू का सगळ्यांना?"

माझ्याच वर्गात. मी फोन बंद केला आणि वीज गेली होती म्हणून सांगितलं.

तू फोनवर टाकतेस ते धडे मी पाहिलेले नाहीत. मला वेळ कुठे आहे? पण कानावर येतं, की तू लांब डूल घालून शिकवतेस, ते हलतात आणि मुलांचं लक्ष तिकडे जातं. ज्याचं त्यानं बघावं.

आई बरी आहे.

तुझी ताई


२२ जून

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही आलं.

तुला वाटतं तसं माझं काही झोकात चाललेलं नाही. निजायच्या खोलीत कपडे वाळत घालायचा स्टँड, त्यावर चादर, चादरीच्या पुढे मी. नवरा दाराशी उभा राहून गाड्यांच्या भोंग्यांवर पहारा देतो. दहा मिनिटांचा धडा, पण कधी मीच अडखळते, कधी कुकर शिट्टी मारतो. परवाचा धडा सोळाव्यांदा जमला. चांगलं एवढंच, की मला एक काचेची पाटी मिळालीय. तिच्यावर पेनानं लिहिलं की अक्षर थेट पडद्यावर उमटतं. खडू नाही, धूळ नाही. तुला पाठवू का? वापरायला दोन दिवसांत जमेल. कपाटाच्या दारापुढे अशी किती दिवस वाकून उभी राहणार आहेस? कंबर धरेल.

एक गंमत. बाराव्या धड्याखाली कुणीतरी लिहून गेलंय, "पायरी गाळली. एक गुण कापला." बस, एवढंच. शाबासकी नाही, नमस्कार नाही. मी धडा परत लावून पाहिला तर खरंच गाळली होती. कोण असेल गं? आपल्या ओळखीत असं बोलणारं कुणी आहे का?

मागच्या खेपेला आईला फोन घेऊन दिला, तो नीट चालतोय ना?

टाचणीवर रागावू नकोस. तिला तुझा वर्ग आवडतो म्हणूनच तर तिला तुला सांगावंसं वाटलं.

छोटी


१ जुलै

छोटे,

टाचणीला काय आवडतं हे तू मला सांगू नकोस. ती माझी विद्यार्थिनी आहे.

पायरी गाळली असं म्हणणारे जगात पुष्कळ आहेत. जो कोणी असेल त्याचं म्हणणं बरोबर आहे. समीकरणाचा वर्ग पूर्ण करताना दोन्ही बाजूंना नऊ मिळवले, हे तू लिहिलंच नाहीस. तुझ्या सातांचे एकदम सोळा झाले. ज्याला येतं त्याला कळेल. ज्याला येत नाही तो तिथेच बसेल, आणि आपल्यालाच अक्कल नाही असं समजून उठून जाईल. हे मला कसं माहीत, असं विचारशील. आई अधूनमधून तुझा धडा लावते. घर लहान आहे, कानावर पडतं.

घरामागचा लोखंडी जिना आठवतो का? अकरा पायऱ्या. तू आठवीत नापास झालीस तेव्हा मी तुला त्या जिन्यावर गणित शिकवलं. एक ओळ लिहिली की एक पायरी वर. ओळ गाळलीस की परत खाली. उन्हाळाभर तू चढ-उतर केलीस, गुडघे फोडून घेतलेस आणि मला नाही नाही ते बोललीस. पण पुढच्या वर्षी पहिली आलीस. तेव्हा तुझ्यासारखं 'हो ना मुलांनो' असं गोड बोलून मी तुला शिकवलं नव्हतं.

पाटी नको. माझा खडू अजून संपलेला नाही.

आमचे चित्रकलेचे मास्तर मला कौतुकानं सांगतात, की तुमच्या बहिणीचा आवाज काय गोड, ऐकत राहावंसं वाटतं. इतकी वर्षं एका खोलीत बसून चहा प्यायलो, माझ्या आवाजाबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही त्यांनी. मी हसले. दात दाखवायला काय लागतं?

ताई


११ जुलै

ताई,

आईला वर्ग पूर्ण करायची पद्धत कधीपासून कळायला लागली? ती तर हिशेबाची वही बाबांकडे सरकवायची. असो. मी काही विचारत नाही.

पण आता एक तक्रार ऐक, आणि खरंच ऐक. तो गुण कापणारा माणूस प्रत्येक धड्याला येतो. तेराव्याला आला, चौदाव्याला आला, पंधराव्याला तर धडा टाकल्यावर अर्ध्या तासात आला. मुलांनी त्याला नाव ठेवलंय, कात्री. आता मुलं माझा धडा बघायच्या आधीच खाली विचारतात, "कात्री येऊन गेली का?" मग पैजा लागतात, कितव्या ओळीत गाळलं म्हणून. परवा मी एका आकृतीवर पूर्ण दुपार घालवली. तीन रंग, सुबक, मला स्वतःलाच आवडलेली. खाली सत्तर जणांनी लिहिलं, आणि सत्तरही जण कात्रीशी बोलत होते. "कात्री, या ओळीत पण गाळलंय ना?" "कात्री, माझी वही तपासाल का?" आकृतीबद्दल एक शब्द नाही.

मला वाईट वाटलं. वाईट कसलं, पोटात दुखलं. नवीन नाही म्हणा ते दुखणं. शाळेत पहिल्या दिवशी प्रत्येक बाई मला म्हणायच्या, "तू तिची बहीण ना? मग गणिताची चिंताच नाही." आठवीत नापास झाले तेव्हाही तेच, "तिची बहीण असून?" वाटलं होतं, आता एवढ्या वर्षांनी एक जागा अशी मिळालीय जिथे मी कुणाची बहीण नाही. चादरीपुढे का होईना, माझी मी. तिथेही कुणीतरी येऊन खुर्ची टाकून बसलंय.

कात्रीला कुठे भेटलीस तर सांग, थोडी कमी धार लाव.

आईला जप.

छोटी


१९ जुलै

छोटे,

काल मोठ्या बाईंनी मला शाळेत बोलावलं. बंद शाळेतल्या त्या खोलीत आम्ही दोघीच. बाकं भिंतीशी रचलेली. त्या म्हणाल्या, पुढच्या महिन्यापासून दहावीला गणिताचे तुझे धडे लावायचे. मुलांना आवडतात, पालकही मागतात. मी काय करायचं? मी हजेरी घ्यायची. बेचाळीस नावं वाचायची, मग तुला लावायचं, मग तुला बंद करायचं. "तुम्हालाही जरा आराम," असं म्हणाल्या.

मग सहज म्हणून सांगितलं, की तुझ्याशी सात तारखेलाच बोलणं झालंय आणि तू विचार करून कळवतेस असं म्हणालीस.

सात तारखेला. आणि अकराला तू मला पत्र लिहिलंस. त्यात कात्री होती, आकृती होती, तुझं पोटातलं दुखणं होतं. हे नव्हतं.

आता मीही सांगते, म्हणजे फिटंफाट. जळते मी. तुझ्या आवाजावर जळते, तुझ्या त्या डुलांवर जळते. तुला पंधरा वेळा चुकता येतं आणि सोळाव्यांदा लोकांना फक्त बरोबर दिसतं, यावर तर फारच जळते. मी चुकले की बेचाळीस जणांसमोर चुकते. आई तुझा धडा लागला की पडद्याकडे बघून विचारते, "जेवलीस का गं?" आणि तू 'हो ना मुलांनो' म्हणतेस, तेव्हा ती समाधानानं मान हलवते. मी तिला दोन वेळा वाढते, तिच्या गोळ्या काढून देते, मला ती असं कधी विचारत नाही. मी समोरच असते ना.

मला गणिताशिवाय दुसरं काही येत नाही. दहावीचा वर्ग गेला तर मी कोण? हजेरीबाई.

उत्तर लिहू नकोस.

ताई


२४ जुलै

ताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितेय. रविवारी फोन केला तर आई म्हणाली, ताई डोकं दुखतंय म्हणून पडलीय. मागून भांडी जोरात घासल्याचा आवाज येत होता. डोकं दुखणारं माणूस अशी भांडी घासत नाही.

आधी माझा गुन्हा. मोठ्या बाईंचा फोन आला तेव्हा मला आनंद झाला. नुसता आनंद नाही, ताई. मी आरशासमोर जाऊन उभी राहिले. ज्या शाळेत मला 'तिची बहीण' म्हणायचे, ती शाळा तिच्याऐवजी मला मागत होती. पुढचा आठवडाभर मी ते कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. लहानपणी लिमलेटची गोळी गालात ठेवून बसायचो, तशी बसले. तुझं काय होईल हे मला कळत होतं. कळत असून गोळी थुंकली नाही. यावर तू काय म्हणशील ते म्हण.

आता तुझं. धड्याखाली आपण जे लिहितो ते सगळ्या जगाला दिसतं. सोबत लिहिणाऱ्याचं नावही दिसतं. तुझं नाव दिसतं 'आईचा फोन'. तो फोन घेतला तेव्हा मीच ते नाव घातलं होतं, माझ्या हातानं. मुलांना वाटतं, कुणीतरी आईचा फोन पळवून मला छळतंय. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नाव नसतं तरी कळलं असतं. एक गुण कापणारी माझ्या आयुष्यात एकच आहे.

फोनवर आपण काय बोलतो? जेवलीस का, गोळ्या आणल्या का, ऊन फार आहे. तुझ्या तोंडून 'पायरी गाळली' हे मी वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ते वाचून मी चादर बाजूला करून गादीवर बसले आणि रडले. बाराव्यातली पायरी मी खरंच विसरले होते. तेराव्यातली नाही. तिथून पुढे प्रत्येक धड्यात मी एक पायरी मुद्दाम गाळली, तू यावीस म्हणून. तू आलीस. मग मुलंही तुझ्यासाठी यायला लागली आणि माझं पोट दुखायला लागलं. तरीही गाळत राहिले. मला स्वतःचंच कळत नव्हतं मला नक्की काय हवंय.

काल मोठ्या बाईंना मी लेखी कळवलंय. माझ्या तेराव्यापासूनच्या एकाही धड्यात सगळ्या पायऱ्या नाहीत. शेजारी शिकवणारं माणूस नसेल तर ते धडे वर्गात लावू नयेत. आणि प्रत्येक धड्यात काय राहिलंय हे जगात एकाच व्यक्तीला माहीत आहे, ती तुमच्याच शाळेत सत्तावीस वर्षं आहे. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

काचेची पाटी वेगळी पाठवलीय. परत पाठवायची तर पाठव.

छोटी


१० ऑगस्ट

छोटे,

सतरा दिवस लागले मला. पहिले चार दिवस तर मी आईच्या फोनकडे बघितलंच नाही. बघायची लाज वाटत होती. तुझ्या धड्याखाली लिहिलेलं होतं, 'टिप्पणी लिहा'. आपण दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पाठ बघतो, तेव्हा वहीत टिप्पणी लिहितो. ती वही मोठ्या बाईंच्या कपाटात जाते, बाहेर कुणी वाचत नाही. मला वाटलं, इथेही तसंच. टिप्पणी म्हटल्यावर मी टिप्पणी लिहिली. ती अख्ख्या गावाच्या चव्हाट्यावर लागते हे मला कोण सांगणार? दीड महिना मी भर चौकात उभी राहून बहिणीचे गुण कापत होते, तेही आईच्या नावानं.

मग पाचव्या दिवशी वही काढली आणि तुझे सगळे धडे पहिल्यापासून लावले. तेराव्यापासून मुद्दाम, हे मान्य. पण पहिल्या बारा धड्यांत पाच ठिकाणी गाळलं आहेस, ते मुद्दाम नव्हतं. आणि एकोणिसाव्यात दोन पायऱ्या गाळल्यास. एक तू मुद्दाम गाळलीस असं धरलं, तर दुसरी कुणी गाळली? ते गुण कापलेलेच राहतील.

गोळीचं वाचलं. राग आला, गेला, परत आला. पण खरं सांगायचं तर तुझ्या जागी मी असते तर आठवडा नाही, महिना काढला असता. तेव्हा तो विषय बंद.

आता वर्गाचं ऐक. सोमवारी मी वर्ग पूर्ण करणं शिकवत होते. तेच बेचाळीस चौकोन, तीच शांतता. आणि मी तुझी युक्ती चोरली. हे लिहिताना हात जड होतोय, पण चोरली. पंचवीस दोन्हीकडे मिळवायचे, ती ओळ लिहिलीच नाही. अकराचे एकदम छत्तीस केले आणि खडू खाली ठेवून गप्प उभी राहिले. माझ्या हातून एवढ्या वर्षांत पायरी गाळली गेली नव्हती. जणू माझीच परीक्षा होती. एक मिनिट गेलं. मला वाटलं, संपलं, कुणी बघतच नाहीये, मी कपाटाला शिकवतेय.

मग कुठेतरी एक आवाज उघडला. मागे कुणीतरी बादलीत पाणी सोडत होतं. टाचणी म्हणाली, "बाई, अकराचे छत्तीस कसे झाले?"

मी छत्तीसवर नुसतं बोट ठेवलं.

"बाई, पायरी गाळलीत." आणि मग चाचरत, "एक गुण कापला."

मग दुसरा आवाज, मग तिसरा. पंचवीस मिळवायचे राहिले, दोन्हीकडे मिळवायचे, नाही नाही, आधी दहाचं अर्धं करायचं. सगळे एकदम बोलायला लागले, कुणाचं कुणाला कळेना, मोठा गलका. पाच महिन्यांत मी तो गलका ऐकला नव्हता. एकानं चेहरा उघडला, मग सात-आठ जणांनी. मला भुवया दिसल्या, छोटे. मी फळ्याकडे तोंड करून ती पंचवीसची ओळ लिहिली आणि बराच वेळ लिहीतच राहिले, कारण वळले असते तर त्यांना माझे डोळे दिसले असते.

तेव्हा पहिला विचार आला तो तुला फोन करायचा. पण तो स्पीकर.

दहावी माझ्याकडेच राहिली. मोठ्या बाईंनी एक तारखेलाच सांगितलं. आठवड्यातून एकदा तुझा धडा लावायचा आणि मुलांनी त्यातली गाळलेली पायरी शोधायची, असं ठरलंय. तुझा धडा लागला की आई आत येऊन बसते आणि तू जेवलीस का विचारते. आता चाळीसेक मुलं तिला उत्तर देतात. तुझी पाटी वापरायला घेतलीय. अक्षर अजून लहान पोरासारखं येतं, दोन दिवसांत जमेल म्हणालीस ते साफ खोटं.

जळणं गेलं असं समजू नकोस. चित्रकलेचे मास्तर अजून तुझ्या आवाजाचं कौतुक करतात आणि मी अजून दात दाखवते. काल तुझा तिसावा धडा पाहिला. कुठे काही गाळलेलं नाही. तीनदा लावून पाहिला, वही घेऊन पाहिला, ओळ न् ओळ बोटानं मोजली. एकही पायरी सुटलेली नाही. खाली काय लिहावं ते मला सुचेना. मुलं विचारत होती, कात्री कुठे गेली. शेवटी तपासलेल्या वहीत लिहितो तसं 'पाहिले' एवढं लिहिलं, आणि 'आईचा फोन' काढून तिथे 'ताई' घातलं. टाचणीकडून शिकून घेतलं ते कसं करायचं.

पुढच्या धड्यात एखादी पायरी गाळ. मला सापडायला जरा वेळ लागेल अशी गाळ.

ताई